ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल पहिल्यांदा वापरणार असाल तर त्याला काय जमत नाही ते आधी बघा

नवीन गाडीच्या स्टिअरिंगवर एक बटण असतं, स्पीडोमीटरचं चित्र आणि बाजूला छोटीशी गाडी. गाडी ताब्यात देणारा माणूस दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो, हे दाबा, स्पीड सेट करा, पुढची गाडी हळू झाली की आपली हळू होते, ती पळाली की आपली पण पळते, तुम्हाला काहीच करायचं नाही. यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं बरोबर आहे. पण बरेच जण नेमकं तेच शेवटचं वाक्य लक्षात ठेवून हायवेला लागतात आणि मला त्याची खरंच काळजी वाटते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. लेख नवख्यांसाठी आहे, ज्यांनी अजून एकदाही ते बटण दाबलेलं नाही किंवा दाबलंय पण आतून धाकधूक होते त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, म्हणजे एसीसी, फक्त स्पीड बघतं. ॲक्सलरेटर आणि थोडाफार ब्रेक एवढंच त्याच्या हातात, स्टिअरिंग तुमचं, रस्ता बघणं तुमचं, निर्णय तुमचे. ऑटोमेशनच्या ज्या शून्य ते पाच लेव्हल सांगतात त्यात नुसतं एसीसी लेव्हल एकमध्ये येतं, आणि सोबत गाडी लेनच्या मधोमध ठेवणारी सिस्टिम असेल तर लेव्हल दोन. या दोन्ही लेव्हलला गाडी तुम्हीच चालवताय असं धरलेलं आहे. ही आरामाची सोय आहे, लांबच्या प्रवासात पाय दुखू नये म्हणून केलेली, आणि त्यासाठी ती खरंच छान आहे, मी स्वतः आवडीने वापरते. पण धडक टाळायची जबाबदारी तिच्यावर टाकता येत नाही.

पायरी १: गाडी उभी असतानाच मॅन्युअल उघडा

मॅन्युअल कोणी वाचत नाही हे माहितीये, पण एसीसीचं प्रकरण वाचाच. इशाऱ्याच्या चौकटीत बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ना, तिथेच कंपनी स्वतः कबूल करते की आमची सिस्टिम इथे इथे चालणार नाही. जाहिरातीत हे दिसणार नाही, सेल्समन सांगणार नाही, पण मॅन्युअलमध्ये असतंच.

त्यात आधी हे शोधा की तुमचं एसीसी किती स्पीडच्या खाली काम सोडतं. काही गाड्यांत ते पुढच्या गाडीमागे पार शून्यापर्यंत थांबतं, त्याला स्टॉप अँड गो म्हणतात. काही गाड्यांत मात्र साधारण ताशी ३० किमीच्या आसपास आलं की एक बीप वाजतो आणि एसीसी सुटतं, आणि सुटतं म्हणजे ब्रेक दाबून ठेवत नाही, सुटतं म्हणजे गाडी आता तुमच्या पायाची वाट बघत पुढे सरकत असते. एका गाडीत स्टॉप अँड गोची सवय झालेला माणूस दुसऱ्या गाडीत बसला की नेमका इथे फसतो. घरात दोन गाड्या असतील तर दोन्हींचं वेगवेगळं वाचा, एकाच कंपनीच्या असल्या तरी.

दुसरं, बऱ्याच गाड्यांत त्याच बटणांतून साधं क्रूझ कंट्रोल पण चालू होतं, एखादं बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं की मोड बदलतो. साधं क्रूझ पुढच्या गाडीकडे बघतच नाही, सेट केलेला स्पीड धरून सरळ जातं. तुम्हाला वाटतंय अंतर राखलं जातंय आणि प्रत्यक्षात तसं काही चालूच नाही, यापेक्षा वाईट गोष्ट काय असणार. म्हणून दोन्ही मोडचं डॅशबोर्डवरचं चिन्ह कसं वेगळं दिसतं ते बसल्या जागी बघून ठेवा. एसीसीत साधारणपणे पुढच्या गाडीचं चित्र आणि अंतर दाखवणाऱ्या रेघा असतात, साध्या क्रूझला त्या नसतात.

आणि सेन्सर कुठे आहेत ते खाली उतरून बघा. रडार बहुतेक वेळा पुढच्या लोगोच्या मागे किंवा खाली बंपरच्या जाळीत असतं, कॅमेरा आतल्या आरशाच्या मागे काचेला चिकटून. हे पुढे लागणार आहे.

पायरी २: गाडीला पुढचं कसं दिसतं ते समजून घ्या

ही पायरी गाळू नका, कारण पुढचे सगळे धोके इथूनच निघतात.

गाड्यांतली बहुतेक रडार ७६-७७ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. लहरी पुढे सोडायच्या, आपटून परत येतात त्यावरून अंतर मोजायचं, आणि परत येताना फ्रिक्वेन्सी किती बदलली त्यावरून समोरची वस्तू आपल्या तुलनेत किती वेगाने जवळ येतेय किंवा लांब जातेय ते काढायचं, हाच तो डॉप्लर परिणाम. चालत्या गाडीमागे जायला हे एकदम उत्तम. अंधार असला, हलका पाऊस असला तरी रडारला फारसा फरक पडत नाही.

आता अडचण बघा. तुम्ही ताशी १०० ने जाताय आणि समोरून एक प्रतिध्वनी येतोय की अमुक वस्तू ताशी १०० ने जवळ येतेय. म्हणजे ती वस्तू जमिनीवर स्थिर आहे. पण स्थिर काय काय असतं? रस्त्यावरची कमान, दिशादर्शक बोर्ड, कठडा, गटाराचं लोखंडी झाकण, वरून जाणारा पूल, आणि मधोमध बंद पडलेला ट्रकसुद्धा. साध्या रडारला वस्तू किती उंचीवर आहे ते नीट कळत नाही, त्यामुळे डोक्यावरचा पूल कोणता आणि समोर उभा ट्रक कोणता हे वेगळं करणं त्याला अवघड जातं. प्रत्येक स्थिर वस्तूला ब्रेक मारायला लागली तर गाडी प्रत्येक बोर्डाला थांबेल आणि मागून कोणीतरी येऊन धडकेल. म्हणून सॉफ्टवेअर मुद्दामच बऱ्याच स्थिर गोष्टींकडे दुर्लक्ष करतं, विशेषतः जास्त स्पीडला आणि ज्या वस्तूला त्याने आधी हलताना पाहिलेलं नाही तिच्याकडे.

हा बिघाड नाही हं, हे तसंच बनवलंय. ही कल्पना १९९० च्या दशकातली, १९९९ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये डिस्ट्रॉनिक नावाने रडारवाली सिस्टिम आली, आणि तेव्हापासून मूळ काम एकच आहे, हायवेवर चालत्या गाडीमागे अंतर राखून चालणं. आता कॅमेरा जोडीला आल्यामुळे उभी गाडी ओळखणं पुष्कळ सुधारलंय, पण सुधारलंय म्हणजे भरवशाचं झालं असं नाही. आजच्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही उभ्या वाहनाला ब्रेक लागेलच असं नाही हे वाक्य असतंच.

पायरी ३: अंतराची रेघ आणि ब्रेकचा हिशोब

स्टिअरिंगवर अंतर कमी-जास्त करायचं बटण असतं, तीन किंवा चार रेघा दिसतात. नवखे लोक सगळ्यात छोटं अंतर ठेवतात कारण मोठं ठेवलं की मध्ये दुसऱ्या गाड्या घुसतात आणि वैताग येतो. मी म्हणते घुसू द्या.

कारण असं की या रेघा मीटरमध्ये नसून सेकंदात असतात. ताशी १०० ला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. म्हणजे एका सेकंदाचं अंतर २८ मीटर, दोन सेकंदांचं ५६. आता ब्रेक. एसीसी पूर्ण ताकदीने ब्रेक मारत नाही. आयएसओ १५६२२ नावाचं जे आंतरराष्ट्रीय मानक एसीसीसाठी आहे, त्यात ताशी ७२ किमीच्या वरच्या स्पीडला आपोआप लागणाऱ्या ब्रेकने स्पीड कमी होण्याचा सरासरी दर सेकंदाला ३.५ मीटर प्रति सेकंद यापेक्षा जास्त नसावा असं ठेवलंय, म्हणजे आतल्यांना झटका बसू नये आणि मागच्याला दचकवू नये. कोरड्या रस्त्यावर तुम्ही स्वतः पाय दाबून ब्रेक मारला तर हाच दर ८ किंवा त्याहून जास्त मिळतो.

हिशोब करून बघा. ताशी १०० वरून ३.५ च्या दराने थांबायला साधारण ११० मीटर लागतात, ८ च्या दराने ४८ मीटर. पुढच्याने घाबरून पूर्ण ब्रेक मारला, तो ४८ मीटरमध्ये थांबला, आणि तुमची गाडी एकट्या एसीसीवर राहिली तर तिला ११० लागणार. फरक ६२ मीटरचा. तुमच्याकडे दोन सेकंदांचं अंतर असलं तरी ते ५६ मीटर, एका सेकंदाचं असेल तर २८. तुमचा पाय ब्रेकवर गेल्याशिवाय हे गणित जुळतच नाही.

यावर लोक म्हणतात की अहो पण ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेक, म्हणजे एईबी, आहे ना गाडीत. आहे, पण ती वेगळी सिस्टिम आहे. एईबी अगदी शेवटच्या क्षणी उडी घेतं, आणि जास्त स्पीडला बऱ्याचदा धडक टाळत नाही, धडकेचा जोर कमी करतं. तो जीव वाचवणारा शेवटचा उपाय आहे, रोजच्या चालवण्याचा आधार नाही. म्हणून सुरुवातीला अंतर सगळ्यात मोठं ठेवा आणि सवय झाल्यावरही पावसात, रात्री, ट्रकच्या मागे परत मोठ्यावर आणा. काही गाड्या इंजिन बंद केल्यावर अंतर आपलं आपण बदलून मूळ जागी नेतात, काही शेवटचं लक्षात ठेवतात, त्यामुळे प्रत्येक वेळी चालू केल्यावर रेघांकडे एक नजर टाकायचीच.

पायरी ४: पहिला सराव

दिवसा करा, कोरड्या रस्त्यावर, सरळ आणि कमी गर्दीचा हायवे निवडा. शेजारी गाडी चालवता येणारं कोणी बसलेलं असेल तर बरं, पण त्यांना स्क्रीनकडे बघायला लावा, तुम्ही रस्त्याकडे बघा.

स्पीड जरा कमीच सेट करा, रस्त्याच्या मर्यादेच्या आत. सेट केल्यावर उजवा पाय मागे ओढून आरामात बसायचा मोह होतो, तो आवरा. पाय ब्रेकच्या पेडलसमोर, न दाबता, टाच जमिनीवर टेकवून ठेवायचा. पाय सीटच्या खाली दुमडून ठेवलेला असेल तर ब्रेकवर यायला जो वेळ जातो तेवढ्यात ताशी १०० ला गाडी वीस-तीस मीटर सहज पुढे गेलेली असते. आणि पाय ॲक्सलरेटरवर तर अजिबात टेकवून ठेवायचा नाही, कारण बहुतेक गाड्यांत तुम्ही ॲक्सलरेटर दाबलात की गाडी समजते मालकाला पुढे जायचंय, आणि तेवढा वेळ एसीसी अंतर राखायला ब्रेक मारत नाही. नुसता पायाचा भार पडला तरी. ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगते त्यातल्या बहुतेकांना माहीत नसते.

आता मागून एखाद्या चालत्या गाडीजवळ जा आणि डॅशबोर्डवर पुढच्या गाडीचं चित्र कधी उमटतं ते बघा. ते चित्र म्हणजे मला ती गाडी दिसली असं सिस्टिम सांगतेय. समोर गाडी डोळ्यांना स्पष्ट दिसतेय आणि चित्र अजून नाही, तर गाडीच्या दृष्टीने समोर रस्ता रिकामा आहे, लगेच ब्रेकवर पाय. ही एक सवय लावून घेतलीत ना तरी अर्धं काम झालं. चित्र किती लांबून येतं, ट्रकला किती लवकर येतं आणि दुचाकीला किती उशिरा येतं हे मुद्दाम निरीक्षण करा.

मग कॅन्सल करायचा सराव. ब्रेकला हलका स्पर्श करून, नंतर कॅन्सल बटणाने, परत सेट, परत कॅन्सल, बटण न बघता अंगठ्याला सापडेपर्यंत. ब्रेकने सुटलं तरी जुना सेट केलेला स्पीड मेमरीत राहतो, आणि इथे रिझ्यूम बटण येतं. हायवेवर ११० सेट केलं होतं, मग खाली उतरलात, गावातल्या रस्त्याला ५० ने चाललात आणि सहज रिझ्यूम दाबलंत, तर समोर मोकळं दिसलं की गाडी ११० कडे धावायला लागते. हायवे सोडला की मेन स्विच बंद करायचा, नुसतं कॅन्सल नको.

पायरी ५: या जागा आल्या की एसीसीच्या आधी तुमचा पाय

सगळ्यात धोकादायक आधी सांगते. तुम्ही एका गाडीमागे चाललाय, ती गाडी अचानक लेन बदलून बाजूला होते आणि तिच्या पुढे कोणीतरी उभं आहे, बंद पडलेली गाडी, अपघातानंतर थांबलेला ट्रक, काहीही. इतका वेळ पुढच्या गाडीच्या आडोशामुळे तुम्हालाही ते दिसत नव्हतं. आणि एसीसीला काय वाटतं, की पुढचा गेला, रस्ता मोकळा झाला, आता सेट केलेल्या स्पीडला जाऊया. म्हणजे ब्रेकची गरज असताना गाडी उलट स्पीड घेते.

हे कागदावरचं नाही. २२ जानेवारी २०१८ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीजवळ फ्रीवेवर एक टेस्ला मॉडेल एस उभ्या असलेल्या अग्निशमन गाडीवर जाऊन आदळली. एनटीएसबी ही तिथली वाहतूक अपघातांची तपासणी करणारी संस्था, तिच्या तपासात क्रम असा निघाला: गर्दीत गाडी ताशी साधारण ३४ किमीने पुढच्या वाहनामागे चालली होती, क्रूझचा स्पीड मात्र ताशी सुमारे १२९ किमीला सेट होता, धडकेच्या तीन-चार सेकंद आधी पुढचं वाहन बाजूच्या लेनला गेलं, गाडीने स्पीड घ्यायला सुरुवात केली, आणि उभी वस्तू आहे हे तिला कळलं तेव्हा अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ उरला होता. धडक बसली तेव्हा स्पीड ताशी ५० च्या आसपास होता. ड्रायव्हरने ब्रेक मारला नाही, त्याला इजा झाली नाही हे नशीब. यातून नवख्यांनी दोन गोष्टी घ्यायच्या. गर्दी हळू चालली असेल तर सेट स्पीड पण खाली आणून ठेवायचा, म्हणजे पुढचा बाजूला झाला तरी गाडी उसळी मारणार नाही. आणि पुढच्या गाडीच्या पाठीकडे टक लावून न बसता तिच्या पुढे, काचांतून, बाजूने जेवढं लांबचं दिसेल तेवढं बघत राहायचं. पुढची गाडी ट्रक किंवा बस असेल आणि पलीकडचं काही दिसतच नसेल, तर अंतर आणखी वाढवा नाहीतर सरळ एसीसी बंद करा.

रांगेचं शेपूट, म्हणजे टोलनाका, सिग्नल किंवा जॅममुळे थांबलेल्या गाड्यांची शेवटची गाडी. तुमच्यासमोर चालती गाडी नव्हती, लांबून थेट उभी रांग दिसली, तर सिस्टिमने त्या गाड्यांना कधीच हलताना पाहिलेलं नाही. एसीसी ओळखेल का नाही हे बघायची ही जागा नाही. लांबून ब्रेक लाइट दिसले की तुम्हीच ब्रेक.

मध्ये घुसणारी गाडी. शेजारच्या लेनमधून कोणी कट मारून आत आलं तर माणसाला त्याच्या चाकांवरून, इंडिकेटरवरून, थोड्याशा कललेल्या बॉनेटवरून आधीच कळतं. एसीसी मात्र ती गाडी बरीचशी आपल्या लेनमध्ये आल्यावर तिला पकडतं आणि मग जोरात ब्रेक मारतं, किंवा अंतर फारच कमी असेल तर बीप करून तुमच्यावर सोडतं. कोणी घुसायच्या बेतात दिसलं की आधीच हलका ब्रेक.

वळण. रडारचा लांबचा झोत अरुंद असतो, समोर सरळ. वळणावर पुढची गाडी त्या झोतातून निसटते, चित्र गायब होतं, गाडी स्पीड घेते, आणि वळण संपल्यावर परत ती समोर दिसते. उलटही होतं, शेजारच्या लेनमधला ट्रक वळणावर झोतात येतो आणि गाडी विनाकारण ब्रेक मारते. तीच गोष्ट चढाच्या माथ्यावर, पलीकडचं काहीच दिसत नाही, ना तुम्हाला ना तिला. शिवाय वळणासाठी स्पीड कमी करायचं काम बरीचशी एसीसी करतच नाहीत. घाटात बंद ठेवा, यावर माझं ठाम मत आहे. लांब उतारावर तर सेट केलेल्या स्पीडच्या पुढेही गाडी जाऊ शकते, तिथे खालचा गिअर आणि तुमचा पाय.

हायवेवरून बाहेर पडणारी लेन पण बघा. ताशी १०० सेट आहे, हळू ट्रकमुळे ६० ने चाललाय, बाहेर पडायच्या लेनला वळलात, ट्रक समोरून गेला, आणि आता पुढे आखूड वळण असताना गाडी १०० कडे निघाली. वळायच्या आधी कॅन्सल करायचं.

दुचाकीवाले, सायकलवाले. बारीक असतात, लेनच्या कडेने चालतात, झोतात धड येत नाहीत. पुढे ट्रक असेल आणि मध्ये दुचाकी, तर सिस्टिम ट्रकला धरून अंतर राखेल आणि मधल्या माणसाला मोजणारच नाही असं होऊ शकतं. तो माणूस उघड्यावर आहे, आपल्याभोवती पत्रा आणि एअरबॅग आहेत, त्यामुळे दुचाकी समोर असेल तर मी एसीसी ठेवतच नाही. तसंच मागे लांब सळया किंवा लाकूड बाहेर आलेली गाडी, उंच सांगाड्याचा ट्रेलर, यात रडार ट्रेलरची मागची चाकं किंवा गाडीचा मुख्य भाग मोजतं, बाहेर आलेलं टोक तुमच्या काचेच्या किती जवळ आहे ते तिला कळत नाही.

आणि आडवं जाणारं वाहन, समोरून चुकीच्या दिशेने येणारं वाहन, चालत जाणारी माणसं, जनावरं, यांच्यासाठी एसीसी बनवलेलंच नाही. चौक असलेल्या, माणसं ओलांडणाऱ्या रस्त्यावर ते चालू ठेवायचं कारणच नाही.

पायरी ६: जॅममध्ये स्टॉप अँड गो

पुढची गाडी थांबली, तुमची थांबली, ती दोन-तीन सेकंदांत निघाली तर तुमची आपोआप निघते, जास्त वेळ थांबली तर बऱ्याच गाड्यांत रिझ्यूम किंवा ॲक्सलरेटरचा हलका स्पर्श लागतो. हा स्पर्श करायच्या आधी बंपरच्या पुढे बघायचं. थांबलेल्या गाड्यांमधून लोक ओलांडतात, लहान मूल बॉनेटच्या खाली झाकलं जातं, सायकल मध्ये शिरते. आपोआप निघणारी गाडी पुढच्या गाडीकडे बघून निघते, त्या फटीत कोण आहे ते तिला कळेलच असं नाही. शाळा, बाजार अशा ठिकाणी जॅम असला तरी पायानेच चालवा. आणि एसीसीवर उभ्या गाडीतून कधी उतरू नका, दार उघडलं किंवा बेल्ट सोडला की सिस्टिम सुटते, काही गाड्या पार्किंग ब्रेक लावतात पण त्यावर भरवसा ठेवून उतरायचं नसतं.

पायरी ७: पाऊस, धुकं, ऊन आणि चिखल

रडारला धुक्यातून दिसतं, कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि बहुतेक गाड्यांत दोघांचं मिळून काम चालतं. मावळतीचं ऊन थेट काचेवर आलं, काच आतून धुरकट झाली, वायपर कॅमेऱ्यासमोरचा भाग नीट पुसत नसेल तर कॅमेरा अर्धा आंधळा. खाली जाळीत चिखल, किडे, बर्फ साचला तर रडारची तीच गत. कधी सेन्सर झाकला गेलाय असा मेसेज येतो, कधी तो यायच्या आधीच काम ढिलं पडलेलं असतं.

पण मोठा मुद्दा रस्त्याचा आहे. ओल्या रस्त्यावर टायरची पकड कमी होते हे एसीसीला आधी कळत नाही, ते कोरड्या रस्त्यासारखंच अंतर राखतं. पाणी साचलेल्या जागी चाक तरंगायला लागलं तरी क्षणभर ते सेट स्पीड धरायचा प्रयत्न करत राहू शकतं. जोराचा पाऊस, निसरडा रस्ता, दाट धुकं, यात बंद. निघायच्या आधी काच आणि जाळी फडक्याने पुसायला अर्धं मिनिट लागतं, पेट्रोल भरताना करून टाका.

पायरी ८: स्वतःवर लक्ष

गाडी आपण चालवत असताना डोकं जागं राहतं, फक्त देखरेख करायची असली की लक्ष भरकटतं, हा माणसाचा स्वभावच आहे, तुम्ही कितीही चांगले ड्रायव्हर असा. तासभर सिस्टिम नीट चालली की तिच्यावर विश्वास बसतो आणि हात फोनकडे जातो. म्हणून झोप येत असताना एसीसी लावून निभावून नेऊ हा विचार मनात आला तर तिथेच गाडी बाजूला घ्या. झोपाळू माणसाला एसीसी आणखी झोपवतं.

स्पीडचंही तसंच. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ते-सुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एसीसी किंवा लेन धरणारी सिस्टिम चालू असताना ड्रायव्हर हायवेवर मर्यादेपेक्षा जास्त स्पीडने जाण्याची शक्यता २४ टक्क्यांनी जास्त आढळली. कारण सरळ आहे, एकदा आकडा वर सेट केला की तो तिथेच राहतो, पायाला दमणूक नाही म्हणून कमी करायची आठवणही होत नाही. सेट करताना मर्यादेचा बोर्ड बघा आणि तोच आकडा टाका, वर पाच-दहा नको. मर्यादा बदलली की आकडा बदला.

पायरी ९: काच बदलली, बंपर ठोकला, तर

कॅमेरा पुढच्या काचेला धरून बसवलेला असतो आणि रडार बंपरमागे. काच बदलली किंवा बंपरला हलकीशी धडक बसली, बाहेरून काही दिसत नसलं तरी सेन्सरचा कोन किंचित हलू शकतो. कोन एक अंश चुकला तर १०० मीटरवर झोत पावणेदोन मीटर बाजूला पडतो, म्हणजे रडार तुमच्या लेनऐवजी लेनच्या कडेला बघतंय. काच बदलताना कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा कोन परत नीट जुळवणं, करणार का हे आधीच विचारा, आणि केल्याची नोंद बिलावर लिहून घ्या. बंपरपुढे जाडजूड गार्ड, लोगोवर स्टिकर, जाळीवर सजावटीची पट्टी, नंबर प्लेटची मोठी फ्रेम, यातलं काहीही रडारसमोर येऊ देऊ नका. डिकीत खूप सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, तेव्हाही झोत वर जातो, मग अशा प्रवासात अंतर वाढवा.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वापरताना चौथ्या पायरीतला सराव परत करायचा, दिवसा, मोकळ्या रस्त्यावर. पुढच्या गाडीचं चित्र पूर्वीपेक्षा उशिरा येतंय, सरळ रस्त्यावर मध्येच जातंय, किंवा शेजारच्या लेनमधल्या वाहनाला बघून गाडी ब्रेक मारतेय असं दिसलं तर एसीसी आणि लेनची सिस्टिम दोन्ही बंद करा आणि गाडी परत दाखवा. त्याच रडार आणि कॅमेऱ्यावर इमर्जन्सी ब्रेकही चालतो, त्यामुळे एसीसी वापरत नसलात तरी हे काम पुढे ढकलायचं नाही.